मॅट्रिक्स: तक्ता, हाड, खिळा आणि त्यापलीकडचे अर्थ

शब्दवेडी

नमस्कार मंडळी.

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हणून बरेच जण डावीकडे शब्द आणि उजवीकडे एक मराठी अर्थ अशी वही करतात. बहुतेक शब्दांना ती वही पुरते. 'मॅट्रिक्स' या शब्दाला मात्र ती अजिबात पुरत नाही. वहीत 'आकड्यांचा तक्ता' असं लिहून ठेवलेलं असतं आणि पुढे त्वचारोगावरच्या लेखात 'नेल मॅट्रिक्स' येतो, खडकांच्या वर्णनात 'फाइन मॅट्रिक्स' येतो, इतिहासाच्या पुस्तकात 'कल्चरल मॅट्रिक्स' येतो. तक्ता यातल्या एकाही ठिकाणी बसत नाही.

माझं म्हणणं असं की हा शब्द मुळापासून शिकावा. लॅटिनमध्ये 'मातेर' म्हणजे आई. आपल्या 'मातृ'शी त्याचं सख्खं नातं आहे. त्यावरून 'मात्रिक्स' म्हणजे आधी पैदाशीसाठी ठेवलेली मादी, आणि नंतरच्या लॅटिनमध्ये गर्भाशय. इंग्रजीत हा शब्द आला तो गर्भाशय याच अर्थाने. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये पहिल्या अपत्याबद्दल बोलताना 'मॅट्रिक्स उघडणारा' असे शब्द आहेत. आकड्यांशी तेव्हा त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

म्हणून हा शब्द दिसला की अर्थ आठवत बसण्याआधी एक प्रश्न विचारावा: इथे कशाच्या कुशीत काय घडतंय? नेल मॅट्रिक्स म्हणजे जिथे नख तयार होतं ती जागा. कल्चरल मॅट्रिक्स म्हणजे ज्या सांस्कृतिक परिस्थितीत एखादा विचार किंवा कला आकाराला आली ती. एवढ्या एका प्रश्नाने अर्धे अर्थ उलगडतात.

गणित, जीवशास्त्र, छपाई यातल्या जाणकारांनी भर घालावी, आणि पटलं नाही तर तेही सांगावं.

नवशिका

ताई, धागा वेळेवर आला. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय आणि उताऱ्यांमध्ये हा शब्द सारखा भेटतो. नखाचं आणि संस्कृतीचं समजलं, पण मूळ शंका तिथेच राहिली. ओळी आणि स्तंभांत मांडलेले आकडे, यात कूस कुठून आली? की गणितात हा शब्द नुसताच उचलून ठेवलाय?

गणितगप्पा

नुसता उचललेला नाही. ज्याने तो गणितात आणला त्याने कारणही लिहून ठेवलंय.

जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर हा इंग्लिश गणितज्ञ. १८५० साली त्याने हा शब्द गणितात पहिल्यांदा वापरला. आज आपण आधी मॅट्रिक्स शिकतो आणि मग त्याचा निश्चयक (डिटर्मिनंट, म्हणजे चौरस मांडणीतल्या आकड्यांतून ठराविक रीतीने निघणारा एक आकडा) काढतो. इतिहासात क्रम उलटा आहे. निश्चयक आधीपासून होते, त्यांच्यावर भरपूर काम झालं होतं. सिल्व्हेस्टरला नाव हवं होतं ते निश्चयक ज्यातून निघतात त्या मांडणीला.

कागद घ्या. पहिल्या ओळीत १, २, ३ लिहा, खाली दुसऱ्या ओळीत ४, ५, ६. ही दोन ओळी आणि तीन स्तंभांची मांडणी. हिचा स्वतःचा निश्चयक काढता येत नाही, कारण ती चौरस नाही. आता एकेक स्तंभ झाकत जा. तिसरा झाकला तर उरतात १, २ आणि ४, ५: निश्चयक १×५ वजा २×४, म्हणजे उणे ३. मधला झाकला तर १×६ वजा ३×४, उणे ६. पहिला झाकला तर २×६ वजा ३×५, पुन्हा उणे ३. एकाच मांडणीच्या पोटातून तीन निश्चयक बाहेर आले. १८५१ साली सिल्व्हेस्टरने लिहिलं त्याचा आशय हाच: एकाच जन्मदात्याच्या उदरातून निघावेत तसे या मांडणीतून निश्चयकांचे वेगवेगळे संच निर्माण होतात. त्याने गर्भाशय हाच शब्द तिथे वापरलाय. तेव्हा शब्दवेडी यांचा प्रश्न गणितातही लागू पडतो, निदान १८५० मध्ये तरी.

पुढे आर्थर केली या त्याच्या मित्राने १८५८ मध्ये मॅट्रिक्सची स्वतंत्र बीजगणितासारखी मांडणी केली: त्यांची बेरीज, गुणाकार, व्यस्त. त्यानंतर निश्चयक हा मॅट्रिक्सचा एक गुणधर्म होऊन बसला आणि कुशीची आठवण पुसट झाली. गुणाकारात क्रम बदलला तर उत्तर बदलू शकतं, ही मॅट्रिक्सची खासियत. १९२५ साली भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने अणूंचं नवं गणित मांडलं, त्यात असाच क्रमाने बदलणारा गुणाकार होता. हे तर मॅट्रिक्स आहेत, हे ओळखलं ते माक्स बॉर्न या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने. हायझेनबर्गला तोवर मॅट्रिक्स माहीतच नव्हते!

परीक्षेसाठी एक: आकार सांगताना आधी ओळी, मग स्तंभ. वरची मांडणी 'टू बाय थ्री' मॅट्रिक्स आहे.

खिळेजुळारी

छान चाललाय धागा. छपाईतला अर्थ मी सांगतो, कारण तो आता फार कमी लोकांच्या हाताखालून गेलेला आहे आणि या शब्दाचा सगळ्यात डोळ्यांना दिसणारा अर्थ तोच आहे.

शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, ओतायचे तर आधी पोलादाच्या दांडीच्या टोकावर अक्षर कोरायचं. हे अक्षर उठावाचं आणि उलटं. याला पंच म्हणतात. पोलाद कडक केलं की तो पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तांब्यात अक्षर खोल आणि सुलट उमटतं. हा तांब्याचा तुकडा म्हणजे मॅट्रिक्स. तो साच्याच्या तळाशी बसवायचा आणि वरून शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतायचा. अँटिमनीमुळे खिळा कठीण होतो. निवाला की खिळा बाहेर काढायचा: अक्षर पुन्हा उठावाचं, पुन्हा उलटं. कागदावर ते सुलट उमटतं. एका मॅट्रिक्समधून तेच अक्षर हवं तितक्या वेळा काढता येतं आणि प्रत्येक खिळा दुसऱ्याला तंतोतंत जुळतो. कूस म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

१८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात पहिल्यांदा चाललेलं लायनोटाइप हे अक्षरजुळणीचं यंत्र तर मॅट्रिक्सवरच चालायचं. कळ दाबली की त्या अक्षराचा पितळी मॅट्रिक्स वरच्या कप्प्यातून घरंगळत खाली यायचा. एक ओळ भरली की तिच्यावर रस ओतला जाऊन अख्खी ओळ एका पट्टीत तयार व्हायची. नंतर ते सगळे पितळी तुकडे वर उचलले जायचे आणि प्रत्येकाला असलेल्या दातांच्या खाचांप्रमाणे बरोबर आपापल्या कप्प्यात परत पडायचे. हे यंत्र चालताना बघितलेला माणूस मॅट्रिक्सचा अर्थ जन्मात विसरत नाही.

मराठीत 'मूस' किंवा 'साचा' म्हटलं तरी चालतं. पण संस्कृतात 'मातृका' या शब्दाला आई हा अर्थ आहे तसाच वर्णमाला हाही आहे. अक्षरं जिच्यातून निघतात ती मातृका. मला हा शब्द इथे फार शोभतो.

पेशीजाल

मला शब्दवेडी यांच्या प्रश्नाला जीवशास्त्रातून थोडा धक्का द्यायचाय. नखाच्या बाबतीत तुमचं अगदी बरोबर. नखाच्या मुळाशी पांढरट चंद्रकोर दिसते, तो मॅट्रिक्सचा दिसणारा भाग. बाकीचा कातडीखाली असतो. तिथल्या पेशी वाढत, चपट्या आणि कडक होत पुढे ढकलल्या जातात, तेच नख. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. नखाचं टोक तुटलं तर काही बिघडत नाही, पण मॅट्रिक्सला खोल इजा झाली तर नखावर कायमची खाच किंवा उंचवटा राहू शकतो.

पण हाड घ्या. हाडात पेशी थोड्या आणि त्यांच्या मधला पदार्थ भरपूर. त्या पदार्थाला बोन मॅट्रिक्स म्हणतात: कोलॅजन या प्रथिनाचे धागे आणि त्यांच्यात बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक. हाडाचा लहान, लांबट तुकडा बरेच दिवस व्हिनेगरमध्ये ठेवला तर खनिज विरघळून जातं आणि हाड आकार न बदलता वाकायला लागतं, कारण उरतात ते धागे. उलट हाड जाळलं तर धागे जळतात, खनिज उरतं, आणि हाताने चुरा होतो. दोन्ही मिळून मॅट्रिक्स.

आता हा मॅट्रिक्स तयार कोण करतं? पेशीच करतात. हाड घडवणाऱ्या पेशी आपल्याभोवती हा पदार्थ सोडतात, आणि त्यातल्या काही त्यातच कोंडल्या जाऊन तिथेच राहतात. म्हणजे इथे लेकरू आधी आणि कूस नंतर! कूर्चेतही (कानात, नाकाच्या टोकाला असतं ते मऊ हाड) असंच. रक्तात तर मॅट्रिक्स द्रवरूप आहे, त्यालाच आपण प्लाझ्मा म्हणतो. म्हणून 'काय घडतंय' हा प्रश्न इथे विद्यार्थ्याला गोंधळात टाकेल. 'काय कशात बसलंय' असा विचारला तर हाड, कूर्चा, रक्त सगळं सुटतं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या आतल्या पोकळीत भरलेल्या द्रवालाही मॅट्रिक्स म्हणतात. क्रेब्ज चक्राच्या, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवण्याच्या एका टप्प्याच्या, बहुतेक क्रिया तिथे होतात.

शब्दवेडी

@पेशीजाल, हा धक्का मोलाचा आहे. मग एक विचारते. पेशींमधला तो पदार्थ नुसताच भराव असतो का? पेशीवर त्याचा उलट काही परिणाम होतो?

पेशीजाल

होतो, आणि तो फार सुंदर विषय आहे. पूर्वी या पदार्थाकडे आधार म्हणूनच बघायचे. आता माहीत आहे की पेशी त्याला धरून असतात, त्याचा ताण ओळखतात आणि त्याप्रमाणे वागतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अस्थिमज्जेतल्या मूळपेशी (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात त्या) वेगवेगळ्या घट्टपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या दिसू लागल्या, स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूपेशींकडे झुकल्या, आणि त्याहून कडक जेलवर हाडाच्या पेशींकडे. रासायनिक पोषण तेच, फरक फक्त खालच्या पृष्ठभागाच्या घट्टपणाचा.

तेव्हा तुमची कूस परत आली असं म्हणा. पेशी मॅट्रिक्स घडवते आणि मॅट्रिक्स पेशीला घडवतो.

दगडधोंडे

भूशास्त्रातलं थोडक्यात. मोठे स्फटिक, गोटे किंवा जीवाश्म ज्या बारीक कणांच्या पदार्थात रुतलेले असतात तो मॅट्रिक्स. जीवाश्म साफ करणारे लोक 'मॅट्रिक्स काढला' म्हणतात तेव्हा त्यांनी भोवतीचा खडक खरवडून काढलेला असतो. पेशीजाल यांचा 'काय कशात बसलंय' हा प्रश्न इथे जसाच्या तसा चालतो. काँक्रीटमध्ये सिमेंटचा गारा मॅट्रिक्स आणि त्यात खडी बसलेली. कार्बन फायबरच्या वस्तूंमध्ये रेझिन मॅट्रिक्स आणि त्यात धागे.

डेटाकार

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं. पण मला वाटतं व्युत्पत्तीच्या ओघात आपण एक गोष्ट मागे टाकतोय. आज इंग्रजी वाचणाऱ्या माणसाला हा शब्द सगळ्यात जास्त भेटतो तो ओळी-स्तंभांच्या अर्थाने, आणि तिथे कुशीचा प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही.

'डिसिजन मॅट्रिक्स' म्हणजे पर्याय ओळींत, निकष स्तंभांत, प्रत्येक चौकोनात गुण. 'रिस्क मॅट्रिक्स' म्हणजे एका बाजूला शक्यता, दुसऱ्या बाजूला परिणामाची तीव्रता. मशीन लर्निंगमधला 'कन्फ्यूजन मॅट्रिक्स' म्हणजे खरं काय होतं आणि यंत्राने काय ओळखलं याचा आडवा-उभा ताळा. आजारी माणसाला निरोगी ठरवलं ते प्रमाण एका चौकोनात, निरोगी माणसाला आजारी ठरवलं ते दुसऱ्यात. 'मॅट्रिक्स ऑर्गनायझेशन' म्हणजे जिथे एका कर्मचाऱ्यावर खात्याचा एक प्रमुख आणि प्रकल्पाचा दुसरा. यात जन्म कुठेच नाही. आहे ते दोन दिशांचं छेदणं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्येही अक्षर टिंबांच्या आडव्या-उभ्या जाळीतून बनतं.

गणितात शब्द शिरला तो आईमुळे, पण तिथून बाहेर पडला तो चौकोन घेऊन. ही फांदी आता वेगळं झाड आहे. विद्यार्थ्याने तिला वेगळं मानलं तरच त्याचा वेळ वाचेल.

आणखी एक गोष्ट, जी रोजच्या कामात फार नडते. 'मॅट्रिक्स' आणि 'मेट्रिक्स' हे दोन वेगळे शब्द आहेत. दुसरा मोजमापाचा, मीटरच्या कुळातला. कामगिरी मोजायचे आकडे म्हणजे मेट्रिक्स. त्यात भर म्हणजे इंग्रज आणि अमेरिकन माणूस पहिल्या शब्दाचा उच्चार 'ए' लांबवून 'मेऽट्रिक्स' असा करतो. त्यामुळे बैठकीत ऐकताना आपला घोळ होतो. 'ए' लांब असेल तर चौकोन, आखूड असेल तर मोजमाप.

गणितगप्पा

डेटाकार यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत. फक्त चौकोन हा शेवट नाही. मॅट्रिक्सने एखाद्या आकृतीतल्या बिंदूंना गुणलं की आकृती फिरते, ताणली जाते, कलते. गणिती माणसाच्या मनात मॅट्रिक्स म्हणजे अशी काहीतरी क्रिया असते, आकडे हे तिचं लेखन.

अनुवादिका

मी लाक्षणिक अर्थाबद्दल लिहिते, कारण भाषांतरात खरी परीक्षा तिथे होते.

एक वाक्य घेऊ: 'द सिटी वॉज द मॅट्रिक्स ऑफ अ न्यू काइंड ऑफ म्युझिक'. मी लिहीन: 'त्या शहराच्या कुशीत नव्या धर्तीचं संगीत जन्माला आलं'. दुसरं: 'द मॅट्रिक्स ऑफ सोशल रिलेशन्स'. इथे कूस लिहिली तर वाक्य कोसळेल. इथे 'सामाजिक संबंधांचं जाळं' म्हणायला हवं. दोन्हीकडे 'मॅट्रिक्स ऑफ' आहे, पण 'ऑफ'नंतर काय आलंय ते बघा. पहिल्यात 'ऑफ'नंतर अपत्य आलंय, म्हणजे जे जन्मलं ते. दुसऱ्यात 'ऑफ'नंतर घटक आलेत, म्हणजे ज्यांचा मॅट्रिक्स बनलाय ते. 'मॅट्रिक्स ऑफ नंबर्स' याच दुसऱ्या घरातलं. उताऱ्यात अडलात तर आधी हे तपासा. कूस की जाळं, बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

'काँटेक्स्ट' आणि 'मॅट्रिक्स' यांतला फरकही लक्षात ठेवण्यासारखा आहे. काँटेक्स्ट म्हणजे संदर्भ, भोवती असलेलं. मॅट्रिक्स म्हटलं की भोवतीचं त्या गोष्टीला घडवतंय किंवा धरून ठेवतंय असा दावा त्यात येतो. 'हिस्टॉरिकल मॅट्रिक्स' लिहिणारा लेखक 'ऐतिहासिक संदर्भ'पेक्षा जास्त काही म्हणत असतो. मराठीत तिथे 'ज्या परिस्थितीत हे रुजलं' असं थोडं लांबवलेलं बरं. आणि 'फ्रेमवर्क' म्हणजे चौकट, ती माणसं ठरवून उभारतात. मॅट्रिक्स ठरवून उभारलेला असायलाच हवा असं नाही.

१९९९ च्या 'द मॅट्रिक्स' या चित्रपटानंतर 'आपल्याला वेढून असलेलं आभासी जग' असाही अर्थ बोलण्यात रुळला. गप्पांत ठीक आहे. निबंधात तो वापरू नये, परीक्षक बुचकळ्यात पडेल.

नवशिका

ही 'ऑफ'ची खूण मी आत्ताच जुन्या प्रश्नपत्रिकांवर लावून बघितली, मस्त चालतेय. अजून काही प्रश्न आहेत. अनेकवचन काय? व्याकरणात 'मॅट्रिक्स क्लॉज' म्हणजे? आणि आजोबा 'मॅट्रिक झालो' म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध आहे की नुसता योगायोग?

शब्दवेडी

शेवटच्याचं उत्तर आधी, कारण ते माझ्या आवडीचं आहे. योगायोग नाही! उत्तरकालीन लॅटिनमध्ये मात्रिक्सला नोंदवही, यादी असाही अर्थ आला. छोट्या यादीला 'मात्रिक्युला'. विद्यापीठाच्या त्या यादीत नाव चढणं म्हणजे मॅट्रिक्युलेशन. त्या परीक्षेचं आपण मॅट्रिक केलं. म्हणजे 'मॅट्रिक पास' आणि बोन मॅट्रिक्स एकाच आईची लेकरं.

अनेकवचन 'मेट्रिसीज', शास्त्रीय लेखनात तेच जास्त. 'मॅट्रिक्सेस'ही शब्दकोशात मान्य आहे.

मॅट्रिक्स क्लॉज म्हणजे ज्याच्या पोटात दुसरं वाक्य बसलंय ते वाक्य. 'ती म्हणाली की पाऊस येईल' यात 'पाऊस येईल' हे आतलं, आणि ज्याने त्याला पोटात घेतलंय ते 'ती म्हणाली' वालं मॅट्रिक्स.

@डेटाकार, तुमचा मुद्दा मान्य. वहीत आता मी दोन खाती करायला सांगेन: एक कूस-आणि-भराव, दुसरं आडवं-उभं. पहिल्या खात्यात पेशीजाल यांचा प्रश्न माझ्या प्रश्नाच्या शेजारी.

नवशिका

धन्यवाद ताई. एक शेवटचं. काल दातात फिलिंग करताना डॉक्टर सहायकाला 'मॅट्रिक्स बँड द्या' म्हणाले. तो कोणत्या खात्यात?

खिळेजुळारी

पहिल्याच. किडलेला भाग कोरल्यावर दाताची एक बाजू उघडी पडते. तिथे नुसतं फिलिंग भरलं तर ते बाहेर ओघळेल किंवा शेजारच्या दाताला चिकटेल. म्हणून दाताभोवती पातळ धातूची पट्टी गुंडाळतात. ती नसलेल्या भिंतीचं काम करते, फिलिंग तिला टेकून दाताचा आकार घेतं आणि घट्ट झालं की पट्टी काढून टाकतात. आमच्या तांब्याच्या तुकड्याचीच जात.